मेरू जिथे आणून ठेवला

जावा बेट पूर्वी समुद्रावर हेलकावत असे. त्याला स्थिर करायचं तर वर काहीतरी जड ठेवायला हवं, म्हणून देवांनी जंबुद्वीपातला मेरू पर्वत उचलला आणि जावात आणला. आधी तो पश्चिमेला ठेवला, तर बेट त्या बाजूला कलंडलं. मग तो पूर्वेकडे न्यायला निघाले. नेताना त्याचे तुकडे वाटेत गळत गेले आणि त्या तुकड्यांचे डोंगर झाले. ‘तांतू पांग्गेलारान’ या जुन्या जावानी ग्रंथात ही कथा येते. शेवटी जिथे मेरू टेकला, तो पर्वत म्हणजे आजचा सेमेरू. उंची ३,६७६ मीटर. जावा बेटावर याहून उंच काही नाही.

सेमेरूच्या उत्तरेला ब्रोमो आहे, म्हणजे जावानी उच्चारातला ब्रह्मा. या दोन जागत्या ज्वालामुखींच्या परिसरात तेंग्गर लोकांची गावं आहेत. तिघांची नावं एकत्र करून इंडोनेशियाने १९८२ साली इथल्या राष्ट्रीय उद्यानाचं नाव ठेवलं: ब्रोमो तेंग्गर सेमेरू. सुमारे ५० हजार हेक्टरचा हा प्रदेश पूर्व जावातल्या मालांग, पासुरुआन, प्रोबोलिंग्गो आणि लुमाजांग या चार जिल्ह्यांत पसरला आहे. राष्ट्रीय उद्यान म्हटलं की वाघ-हत्ती डोळ्यांसमोर येतात आणि माणूस कुंपणाबाहेर असतो, अशी आपली समजूत. इथे मात्र माणसांचं नाव पाटीवर दोन पर्वतांच्या मध्ये लिहिलेलं आहे, आणि ते तिथे असणं अगदी योग्य आहे.

बहुतेक पर्यटक पहाटे येतात, सूर्योदय पाहतात, विवरापर्यंत जाऊन येतात आणि दुपारच्या आत डोंगर उतरतात. सूर्योदय देखणा असतोच, त्याला कमी लेखायचं कारण नाही. पण इथलं पाहण्यासारखं बरंचसं सूर्य वर आल्यावर सुरू होतं, आणि ते क्षितिजाच्या बरंच खाली असतं: वाळूत, बटाट्याच्या शेतांत, देवळाच्या ओट्यावर. या प्रकरणात भर आहे तो त्यावर.

आधी हे डोंगर इथे का आहेत ते पाहू. महाराष्ट्रातला माणूसही ज्वालामुखीच्याच दगडावर राहतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या लांबलचक भेगांतून पातळ लाव्हा वाहिला, दूरवर पसरला, थरावर थर साचले आणि दख्खनचं पठार तयार झालं. सह्याद्रीच्या कड्यावर आडव्या पट्ट्या दिसतात ते हेच थर. जावाची घडण अगदी निराळी. बेटाच्या दक्षिणेला समुद्रतळाशी ऑस्ट्रेलियन भूपट्ट वर्षाला सहा-सात सेंटीमीटरच्या वेगाने उत्तरेकडे सरकतो आणि जावा ज्याच्यावर आहे त्या सुंदा भूपट्टाखाली घुसतो. बुडणाऱ्या भूपट्टाबरोबर खनिजांत अडकलेलं पाणीही खाली जातं. शंभर किलोमीटरच्या आसपास खोलीवर दाब आणि उष्णतेने ते पाणी सुटतं आणि वरच्या खडकात शिरतं. पाणी मिसळलं की खडक कमी तापमानाला वितळतो. असा तयार झालेला शिलारस हलका असल्याने वर चढतो. तो चिकट असतो, त्यात वायू कोंडलेले असतात, म्हणून तो शांतपणे वाहत नाही, फुटतो. दगड, राख आणि लाव्हा तोंडाभोवती साचत जाऊन उभे शंकू तयार होतात. इंडोनेशियात असे सव्वाशेहून अधिक जागते ज्वालामुखी आहेत.

तेंग्गर डोंगरात मात्र शंकूच्या जागी आधी एक प्रचंड खड्डा दिसतो. पुरातन काळी इथे याहून कितीतरी मोठा ज्वालामुखी होता. मोठ्या उद्रेकांत पोटातला शिलारस बाहेर पडला, वरच्या माथ्याला आधार राहिला नाही आणि तो आत खचला. अशा खचलेल्या विवराला भूशास्त्रात काल्डेरा म्हणतात. जुना तेंग्गर काल्डेरा सुमारे सोळा किलोमीटर रुंद आहे. त्याच्या पोटात नंतर दुसरा खचला, साधारण दहा किलोमीटर रुंदीचा. त्या दुसऱ्याचा सपाट तळ म्हणजे काळ्या वाळूचा समुद्र. तेंग्गर लोक त्याला सेगारा वेदी म्हणतात. तळातून पुन्हा नवे शंकू उगवले: विदोदारेन, वातांगान, कुर्सी, बातोक आणि सगळ्यांत तरुण ब्रोमो. यातला एकटा ब्रोमोच आज धुमसतो.

पनांजाकन हे काल्डेराच्या काठावरचं ठिकाण २,७७० मीटर उंच आहे. पहाटे तीनच्या सुमारास जीपगाड्यांची रांग तिकडे चढू लागते. खासगी गाडीने वाळूत उतरता येत नाही, जीप स्थानिकांच्याच घ्याव्या लागतात, आणि तेंग्गर कुटुंबांच्या उत्पन्नाचा तो एक मोठा भाग आहे. विषुववृत्तापासून जेमतेम आठ अंश दक्षिणेला आलो म्हणून पातळ कपड्यांवर निघालेला माणूस इथे कुडकुडतो. दर हजार मीटर चढलं की तापमान साधारण सहा अंशांनी उतरतं. जुलै-ऑगस्टच्या कोरड्या, निरभ्र रात्री जमिनीतली ऊब आकाशात निघून जाते आणि पहाटे गवतावर चक्क हिम धरतं. त्याला इथे ‘एंबुन उपास’ म्हणतात, विषारी दव. पर्यटकांना ते पांढरं गवत नवलाचं वाटतं, शेतकऱ्याच्या बटाट्याची पानं मात्र त्याने करपतात.

उजाडलं की समोरचं दृश्य थरांनी उलगडत जातं. तळाशी धुक्याने भरलेला काल्डेरा, त्यातून वर आलेले शंकू, आणि पाठीमागे दूरवर सेमेरू. सेमेरू बऱ्याचदा थोड्या थोड्या वेळाने राखेचा एक पुंजका वर सोडतो. १९६७ पासून त्याचे लहानमोठे उद्रेक जवळपास अखंड चालू आहेत. पुढे दिसणारा सुबक शंकू ब्रोमो समजून कित्येक जण त्याचे फोटो काढतात. तो बातोक. त्याच्या अंगावर माथ्यापासून पायथ्यापर्यंत घळी कोरलेल्या आहेत, लिंबू पिळायच्या काचेच्या साच्यासारख्या. बातोक शांत झाला, त्याच्या भुसभुशीत राखेत पावसाने वाटा पाडल्या आणि त्या वाटांमधल्या कडांवर हिरवळ रुजली. ब्रोमो त्याच्या डावीकडे आहे, ठेंगणा, फाटक्या तोंडाचा आणि राखाडी. दर काही वर्षांनी त्याच्यावर ताजी राख पडते, त्यामुळे रोपांना तिथे मूळ धरायला अवधीच मिळत नाही. कोणता डोंगर जागा आणि कोणता झोपलेला, हे इथे रंगावरून सांगता येतं.

मग वाळूत उतरावं, आणि शक्यतो पायी. काठावरच्या चेमोरो लावांग गावातून पायवाट खाली जाते. चेमोरो म्हणजे सुरूचं झाड. कोकणच्या किनाऱ्यावर लावलेला सुरू आपल्या परिचयाचा आहे, इथली जात त्याची डोंगरी बहीण. जावाचे ज्वालामुखी पायी पालथे घालणाऱ्या फ्रान्झ युंगहून या एकोणिसाव्या शतकातल्या निसर्गअभ्यासकाचं नाव तिला मिळालं आहे. राखेवर आणि वणव्यानंतरच्या उजाड उतारावर ही झाडं लवकर उभी राहतात, कारण त्यांच्या मुळांवरच्या गाठींत राहणारे सूक्ष्मजीव हवेतला नत्र पकडतात. खालच्या वाळूच्या मैदानाला डच सरकारने १९१९ सालीच संरक्षण दिलं होतं. ही वाळू नदीची किंवा समुद्राची नाही. ब्रोमोने आणि त्याच्या पूर्वजांनी फेकलेल्या राखेचे, दगडाचे ते कण आहेत, अजून टोकदार. वारा सुटला की ते जमिनीलगत पळतात, डोळ्यांत आणि कॅमेऱ्यात शिरतात. नाक-तोंड झाकायला कापड जवळ हवंच.

पायथ्याशी घोडेवाले उभे असतात, खांद्यावरून सारोंग गुंडाळलेले. त्यांच्याकडून घोडा घेतला तरी शेवटच्या सुमारे अडीचशे पायऱ्या स्वतः चढाव्या लागतात. वर पोचल्यावर काठ अरुंद आहे, कठडा सगळीकडे नाही. आत सुमारे सहाशे ते आठशे मीटर रुंदीचं विवर आणि तळातून येणारा सततचा घोंगावणारा आवाज, गंधकाच्या वासासकट. काठावर गणपतीची एक लहान मूर्ती आहे. भारतात तिचे फोटो वयाच्या मोठमोठ्या दाव्यांसह फिरत असतात. मला त्या दाव्यांपेक्षा तिच्यापुढची फुलं मोलाची वाटतात, कारण ती वाहणारा समाज आजही इथे नांदतो आहे.

इंडोनेशियाची ज्वालामुखी संस्था प्रत्येक जागत्या डोंगराला चार पातळ्यांपैकी एक देते. ब्रोमो बहुधा दुसऱ्या पातळीवर असतो, म्हणजे सावध राहावं असा इशारा. त्या वेळी विवरापासून एक किलोमीटरच्या आत जाऊ नये अशी सूचना असते. तरी माणसं वर जातात. जून २००४ मध्ये अचानक झालेल्या स्फोटात उडालेल्या दगडांनी दोघांचा बळी घेतला होता. निघण्याआधी त्या दिवसाची पातळी पाहणं हे तिकिटाइतकंच आवश्यक समजावं, आणि बंदी असेल तर वाद घालू नये.

विवराच्या पायथ्याशी, वाळूच्या मधोमध, एक देऊळ आहे: पुरा लुहूर पोतेन. इमारत अलीकडच्या दशकांतली, जागा जुनी. कसादा नावाच्या महिन्यात, पौर्णिमेच्या सुमारास, मध्यरात्रीपासून इथे तेंग्गर लोक जमतात. त्यांच्या पुरोहिताला दुकुन म्हणतात. नव्या दुकुनाची परीक्षा याच रात्री होते: सगळ्यांसमोर, न अडखळता, मंत्र म्हणून दाखवायचे. उत्तीर्ण झाला तरच गावाचा विधी त्याच्या हाती. मग पहाटे गावकरी शेतातलं पहिलं पीक, भाज्या, फळं, कोंबड्या, कधी बकरी, नोटा आणि नाणी घेऊन त्या पायऱ्या चढतात आणि सगळं विवरात सोडतात.

याची कथा अशी. मजापहित राज्याच्या अखेरच्या काळात रोरो आंतेंग नावाची राजकन्या आणि जोको सेगेर नावाचा ब्राह्मणपुत्र या डोंगरात येऊन राहिले. त्यांना मूल होईना. त्यांनी पर्वताला साकडं घातलं आणि शेवटचं मूल देण्याचा शब्द दिला. पंचवीस मुलं झाली. शब्द पाळायची वेळ आली तेव्हा आईबापांचं मन होईना, म्हणून त्यांनी धाकट्या कुसुमाला लपवलं. डोंगर खवळला आणि आगीने त्याला ओढून नेलं. विवरातून त्याचा आवाज आला: माझ्यामुळे तुम्ही सगळे सुखरूप आहात, दर वर्षी कसादात मला शेतातलं काही देत जा. तेंग्गर हे नाव या दोघांच्या नावांच्या शेवटांवरून आलं, असं ते सांगतात.

आणि विवराच्या आतल्या उतारावर, वाकलेल्या काठीला जाळं बांधून काही माणसं उभी असतात. वरून पडणारं ती झेलतात. त्यात काही तेंग्गर असतात, काही खालच्या गावांतून आलेले गरीब. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हा देवाच्या ताटातला घास हिसकावण्यासारखा प्रकार वाटेल, पण तिथे कोणी त्यांना हाकलत नाही. देणाऱ्याने हातातून सोडलं की त्याचं काम झालं, पुढे ते कोणाच्या पोटात जातं याची चिंता त्याने करायची नाही. दानाचा इतका निखळ अर्थ मला दुसरीकडे क्वचित दिसतो. २०२० साली साथीमुळे उद्यान पर्यटकांना बंद होतं, तेव्हाही कसादा झाला.

तेंग्गर म्हणजे मजापहित पडल्यावर इस्लामपासून पळून डोंगरात लपलेले दरबारी लोक, असं पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं आढळतं. ते चित्र अपुरं आहे. चौदाव्या-पंधराव्या शतकांच्या सुमाराच्या ताम्रपटात, म्हणजे मजापहित उभं असतानाच, या भागातल्या वालांदित गावाला पवित्र पर्वताच्या पूजेसाठी करमाफी दिल्याचा उल्लेख आहे. पूजक आधीपासूनच इथे होते. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ रॉबर्ट हेफ्नर यांनी तेंग्गर गावांत राहून अभ्यास केला आणि १९८५ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. दुकुनांच्या मंत्रांत जुन्या जावाच्या लोकांमधल्या शैव परंपरेचे धागे त्यांना सापडले. तेंग्गर समाजात बालीसारखी वर्णव्यवस्था नाही. त्यांच्या पंचांगात शक चालतो, तोच जो आपल्या पंचांगाच्या पहिल्या पानावर छापलेला असतो, इसवी सन ७८ पासून मोजलेला. त्यांच्या अभिवादनातल्या ‘होंग’मध्ये ॐ ओळखू येतो. तरीही त्यांना आपल्या धर्माची दूरची शाखा समजून त्यांच्याकडे पाहू नये. त्यांच्या देवाचं घर समोर धुमसतं आहे आणि त्यांचा सगळा व्यवहार त्याच्याशी आहे.

तो व्यवहार शेतात दिसतो. चेमोरो लावांग, ङादिसारी, वोनोकित्री या गावांभोवती उभ्या उतारांवर बटाटा, कोबी, गाजर, कांद्याची पात लावलेली असते, इतक्या उभ्या की माणूस कुदळ मारताना तोल सांभाळत असतो. पूर्वी इथलं मुख्य अन्न मका. पांढऱ्या मक्याचं ‘आरोन’ अजूनही शिजवलं जातं. राख पडते तेव्हा पीक जातं. २०१०च्या अखेरीस सुरू झालेला ब्रोमोचा उद्रेक पुढच्या वर्षापर्यंत रेंगाळला आणि काठावरच्या गावांची शेतं राखेखाली गेली. तीच राख पुढे वर्षानुवर्षं झिजून मातीला पोटॅश, कॅल्शियम आणि फॉस्फरस देते. डोंगर एका हंगामाचं घेतो आणि पुढच्या कित्येक हंगामांचं देतो. हे कोणत्याही दुकुनाला माती-परीक्षणाशिवाय ठाऊक असतं.

सेमेरू याच उद्यानात असला तरी त्याची भेट म्हणजे वेगळा प्रवास. रानू पानी गावातून परवाना घेऊन चालायला लागलं की २,४०० मीटरवर रानू कुंबोलो तळं लागतं. तिथे एक जुना शिलालेख आहे. त्यात कामेश्वर हे नाव आणि तीर्थयात्रेचा उल्लेख आहे. या वाटेने चालणारे आपण पहिले पर्यटक नाही. माथ्यावर जोंग्रिंग सालोको हे विवर. १६ डिसेंबर १९६९ रोजी सू होक गी हा विद्यार्थी-कार्यकर्ता माथ्याजवळ विषारी वायूने गुदमरून सोबत्यासह मरण पावला. दुसऱ्या दिवशी तो सत्तावीस वर्षांचा झाला असता. हुकूमशाहीवर निर्भीडपणे लिहिणाऱ्या गीची दैनंदिनी पुढे पुस्तकरूपाने आली आणि इंडोनेशियातल्या तरुणांच्या कित्येक पिढ्यांनी ती वाचली. जड वायू सखल जागी साचतात, वाऱ्याने दिशा बदलली की वर पोचलेल्या माणसाला पळायलाही वाव राहत नाही.

४ डिसेंबर २०२१ रोजी जोरदार पाऊस चालू असताना सेमेरूच्या तोंडाशी साचलेल्या लाव्ह्याचा ढीग ढासळला. तापलेली राख, दगड आणि वायू यांचा लोट आग्नेयेकडच्या दरीतून लुमाजांग जिल्ह्यातल्या वस्त्यांवर उतरला. पन्नासहून अधिक माणसं गेली, ग्लादाक पेराक पूल कोसळला. त्या नदीपात्रांत एरवी वाळू काढणाऱ्यांचे ट्रक उभे असतात, कारण ज्वालामुखीची वाळू बांधकामाला उत्तम. बरोबर एक वर्षाने, ४ डिसेंबर २०२२ ला, पुन्हा तसाच लोट आला. गिर्यारोहणाची वाट दीर्घकाळ बंद राहिली. २०२४च्या अखेरीस ती उघडली, पण फक्त रानू कुंबोलोपर्यंत. तळ्यापर्यंत जाऊन परतण्यात कमीपणा नाही. कामेश्वराचा शिलालेखही तळ्याकाठीच आहे.

डोंगराकडून येणारं संकट तेंग्गर लोकांना ठाऊक आहे. पर्यटकाकडून येणारं नवं आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये विवाहपूर्व फोटोंसाठी आलेल्या एका गटाने धुराची नळकांडी पेटवली. वाळलेल्या गवताने पेट घेतला आणि वाळूच्या समुद्राकडेचा गवताळ प्रदेश शेकडो हेक्टर जळाला. पर्यटक ज्या टेकड्यांवर फोटो काढतात, त्या तेंग्गरांच्या लेखी पवित्र भूमीचा भाग आहेत. त्यांनी तिथे शुद्धीचा विधी केला. कपितू या सातव्या महिन्यात संयम पाळण्याची त्यांची रीत आहे. त्यांच्या मागणीवरून अलीकडे त्या काळात ठरावीक दिवस वाळूच्या समुद्रात वाहनांना बंदी असते. प्रवास आखताना ही तारीख शोधावी आणि जमल्यास मुद्दाम तेव्हाच जावं. इंजिनांच्या घरघरीविना तो काल्डेरा चालत ओलांडता येतो, ही सवड एरवी मिळत नाही.

सर्वांत अवघड प्रश्न एका फुलाचा होता. उंचावर वाढणारं, पांढऱ्या लोकरीसारख्या पानांचं एक रोप इथे आहे, शास्त्रीय नाव अ‍ॅनाफॅलिस जाव्हानिका. सुकलं तरी त्याचं फूल कोमेजत नाही, म्हणून तेंग्गर विधींत ते हवंच. नेमकं त्याच कारणासाठी पर्यटकही ते खुडत, आणि ते दुर्मीळ झाल्यावर कायद्याने तोडणं गुन्हा ठरलं. कायदा चुकीचा नव्हता, पण ज्यांनी हे फूल पिढ्यान्‌पिढ्या पूजेला वापरलं त्यांचे हातही त्याने बांधले. तोडगा वोनोकित्री आणि ङादिसारीच्या शेतकऱ्यांनी उद्यानाच्या अधिकाऱ्यांबरोबर काढला. रानातलं रोप सुरक्षित ठेवून त्याची रोपं शेतात वाढवायची, आणि पूजेला व विक्रीला तीच वापरायची. आज वोनोकित्रीला बटाट्याच्या वाफ्यांशेजारी या फुलांचे वाफे आहेत. पाहायचे असतील तर सूर्योदयाहून परतताना जीपवाल्याला तिथे थांबायला सांगावं.